पाळण्याची शेवटची ओळ

अड्यारच्या कनकाबाईंना भुताखेतांचा मनस्वी कंटाळा. सगळी हयात रेल्वेच्या कचेरीत गेली, कुणी दृष्ट काढायला बसलं की म्हणायच्या, "आधी डॉक्टरकडे जा." हट्ट एकच, घराण्याच्या पाळण्याचा. तंजावरहून चालत आलेल्या त्या अंगाईची शेवटची ओळ बाळापुढे म्हणायची नाही. ती मेलेल्या माणसाच्या कानात, त्याचं नाव घालून म्हणायची. आता ती एकट्या कनकाबाईंनाच येत होती.

त्यांच्या भाच्यानं, गिरिधरनं, पाळण्याच्या चालीवर सिनेमाचं गाणं बांधलं. गाणं गाजलं आणि एका संगीत कंपनीनं दावा ठोकला: चाल आमची, यानं चोरली. तेव्हापासून गिरिधरला कुणी स्टुडिओत उभं करेना. खटल्यापायी आता राहतं घर विकायची पाळी आली.

"त्यांच्या चालीला हा शेवट नाही," गिरिधरची वकील संयुक्ता म्हणाली; कनकाबाईंना ती तिकडच्या रीतीनं मामी म्हणे. "तुम्ही सबंध म्हणून दाखवलंत, तर चाल तुमच्या घरातली हे दिसेल. पण नावासकट हवं, मामी. नावाची जागा चालीतच आहे."

"नाव कुणाचं घालू? तुझं?"

संयुक्ता हसली. गिरिधर हसला नाही.

"राहू दे, आत्या. विकू घर."

"गप रे. तान्ह्या पोरीला घेऊन कुठे जाशील, एन्नोरच्या कारखान्यांच्या धुरात? सेरि, ठीक आहे, लाव तो फोन रेकॉर्डिंगला."

त्या ताठ बसून गायल्या. नावाच्या जागी स्वतःचं नाव घातलं. जिवंत माणसाचं नाव घातलं तर काय होतं, हे कुणी सांगून ठेवलं नव्हतं. तसं कुणी केलंच नव्हतं.

संयुक्तानं ध्वनिमुद्रण ऐकवलं. नावानंतर बारीकशी "ओ" ऐकू आली. आवाज कनकाबाईंचाच. त्यांनी ओ दिली नव्हती.

"पंखा असेल," त्या म्हणाल्या आणि कॉफी टाकायला उठल्या.

निकालाच्या दिवशी कोर्टात गेला तो गिरिधर. त्या रोजच्यासारख्या कावळ्यांना भात ठेवायला गच्चीवर गेल्या. कावळे भित्रे, बाई दाराआड झाल्याशिवाय कधी उतरायचे नाहीत. आज त्या उभ्या असतानाच सगळे खाली आले. एक तर त्यांच्या पावलावरूनच चालत भाताकडे गेला.

"हुश," त्या म्हणाल्या. एकानंही मान वळवली नाही.

खाली फाटक वाजलं. "आत्या, जिंकलो," गिरिधर जिना चढत म्हणाला. "कुठे आहेस?"

त्यांनी ओ दिली.

गिरिधर गच्चीच्या दारात आला, भाताकडे पाहिलं, कावळ्यांकडे पाहिलं आणि आत्याला हाका मारत पुन्हा खाली गेला.