धुराची भरपाई

मी लग्न होऊन बिरवाडीला आले, तेव्हा वरंधच्या वरल्या धनगरवाडीतून एक तूपवाली बाजाराच्या दिवशी आमच्या दारी यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती मला सूनबाय म्हणायची, मी तिला मावशी. डोक्यावरचं गाडगं पायरीवर उतरवायची, पळीने तूप घालायची आणि पळीला राहिलेलं बोटाने निपटून आमच्या मांजरीला चाटवायची. मांजरीचे लाड फार, पण मापाला पक्की. आम्हाला वर थेंब मिळायचा नाही.

एका चैत्रात तिकडच्या डोंगराला वणवा लागला. एवढ्या लांबचा धूर, पण आमच्या गावावर येऊन बसला. वाळत घातलेल्या लुगड्यांवर राख पडली, सासूबाईंचा दमा उसळला.

पुढच्या बाजाराला मावशी आली. आतला खोकला ऐकून दारातच थबकली. मग माप घालून झाल्यावर तिने आणखी दोन पळ्या ओतल्या.

"अगं मावशी, हे कशाचं?"

"आमचं ढोर तुमच्या शेतात शिरलं, तर भरून द्याया नको? धूर पण आमच्याच डोंगराचा हाय गो. म्हातारीच्या छातीला चोळ."

"आणि तुमच्या म्हशी?"

"गवात सगळं जळालं. म्हशी खाली भावाकडं धाडल्या. आता पाऊस पडंपातुर तूप नाय."

मी गाडग्यात डोकावले. तळ दिसत होता.

अजूनही धूर आला की घरातले खिडक्या लावायला धावतात. मी आधी पायरीकडे बघते.