स्टेजकडं पाठ

बारामती-इंदापूर एसटीत माझ्याशेजारी बसल्या बसल्या त्यानं आधी बूट काढले. पाय टम्म सुजले होते. पुण्याच्या रॉक फेस्टिवलात सिक्युरिटीची ड्यूटी करून तो काटेवाडीला घरी निघाला होता.

"तीन दिस नुसता हुबा व्हतो," तो म्हणाला.

"पण एकेक गिटारवाले जवळून पाहिले असतील!" मी म्हणालो.

"कुठलं वो! आमची स्टेजकडं पाठ, तोंड गर्दीकडं. वळून बघितलं की सुपरवायझर वरडतो."

मी मोबाइलवर त्या फेस्टिवलचा कालचाच व्हिडिओ शोधून त्याच्या हातात दिला. गिटारवाला डोळे मिटून वाजवत होता. त्यानं व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

"ह्याच गान्याला फुडची एक पोरगी रडाय लागली," मोबाइल परत देत तो म्हणाला. "मला वाटलं, माझाच धक्का लागला. माफी मागितली तिची."