माझे साडू आणि न निघणारा प्रोसेसर

या भूतलावर माझ्या साडूंनी उघडून पाहिलेली नाही अशी वस्तू एकतर अजून तयार झालेली नाही, किंवा तिला स्क्रू नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सगळा जन्म इंदूरमध्ये गेल्यामुळे ते मला हिंदी थाटात 'साढूभाई' म्हणतात आणि मी त्यांना दादा म्हणतो. इतर माणसं शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, दादांच्या खिशात स्क्रूड्रायव्हर असतो. एकदा बँकेत सही करायला म्हणून त्यांनी तो झटकन बाहेर काढला, तेव्हा काउंटरपलीकडच्या बाईंनी दोन्ही हात वर केले, असं ताई, म्हणजे माझी मेव्हणी, सांगतात. दादांच्या मते त्यांनी एकच हात वर केला होता.

बत्तीस वर्षं दादांनी आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवलं. निवृत्तीनंतर शिकवायला पोरं उरली नाहीत, म्हणून त्यांनी घरातल्या वस्तू हाती घेतल्या. दुरुस्तीवर त्यांचं समाधान होत नसे. बिघडलेली वस्तू पूर्वीसारखी करणं हे कारागिराचं काम, ती पूर्वीपेक्षा बरी करणं हे उस्तादाचं, असं त्यांचं मत. त्यासाठी त्यांना कुठूनतरी 'अपग्रेड' हा शब्द सापडला आणि तो त्यांनी जपमाळेसारखा धरला. ताईंच्या मिक्सरला त्यांनी जास्त ताकदीची मोटर बसवली. पहिल्याच दिवशी कोथिंबिरीची चटणी झाकणासकट छताला गेली. तिथला हिरवा डाग मी स्वतः पाहिला आहे, त्याचा आकार साधारण श्रीलंकेसारखा आहे. "बघा," दादा मान वर करून म्हणाले, "ताकद तर आहे. आता फक्त कंट्रोल आणायचा." हा गुण रक्तातच असावा. त्यांचे कोणी पूर्वज होळकरांच्या तोफखान्यात होते आणि त्यांनी एका तोफेची चाकं बदलून दिली होती, असं त्यांच्या घरात सांगतात. त्यानंतर ती तोफ गोळा जितका पुढे टाकी तितकीच स्वतः मागे जाई, हे मात्र घरात सांगत नाहीत, ते मला ताईंनी सांगितलं.

माझ्या पुतण्याच्या लग्नात माइक शिट्टी मारू लागला. गुरुजींनी वैतागून माइककडे पाहिलं आणि मी वैतागून दादांच्या खुर्चीकडे पाहिलं, कारण ती रिकामी होती. ते स्टेजमागे पोचले होते. तिथे त्यांनी काय फिरवलं देव जाणे, पण शिट्टी थांबली आणि आवाजही गेला. इकडे गुरुजी बेंबीच्या देठापासून मंगलाष्टकं म्हणत होते, आणि ती सगळी शेजारच्या लॉनवर, कुणाच्यातरी निवृत्तीच्या सत्कारात, स्वच्छ ऐकू येत होती. सत्कारमूर्ती गळ्यात हार घालून उभे असताना डोक्यावरच्या स्पीकरमधून 'सावधान' झालं. तिथल्या दोन-चार म्हाताऱ्या बायकांनी सवयीने हातातली फुलंही टाकली म्हणे. दादा परत येऊन खुर्चीत बसले आणि माझ्या कानात म्हणाले, "साढूभाई, आवाज मात्र एकदम साफ होता."

अशा माणसाच्या घरात एक लॅपटॉप होता, आणि तो मंद झाला होता.

लॅपटॉप ताईंचा. त्या दर रविवारी सकाळी ऑनलाइन मराठीचा वर्ग घेत. आमच्या इंदूरच्या मराठी घरांतली नातवंडं आता "आजी, मला भूक लग रही आहे" इथवर आली आहेत. त्यांतली काही इथे, काही दूरदेशी. अशा अकरा मुलांना ताई शिकवत, आणि त्यांचा सगळा जीव 'ळ' या अक्षरात होता. जीभ उलटी करून टाळूला कशी लावायची हे त्या तोंड उघडून दाखवत, आणि नेमका त्याच क्षणी लॅपटॉप अडके. अकरा घरांतल्या पडद्यांवर ताई आ वासून थिजलेल्या. पोरं खो खो हसत. एका नातवाने तर ते चित्र टिपून घेऊन आपल्या आजोबांना पाठवलं होतं. ताई हसण्यावारी नेत, पण एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "मुलं येतात ती आता माझी अडकलेली शकल बघायला येतात गं." तशात त्यांनी मुलांचं छोटंसं नाटुकलं बसवलं होतं. सगळ्या आजी-आजोबांना पडद्यावर बोलावलं होतं. रविवार ठरला होता.

बंगळूरला असणारी त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, मी नवीन पाठवते." एवढं निमित्त पुरलं.

"नवीन कशाला?" दादांनी मला फोन केला. "मंद झालाय, मेला थोडाच? प्रोसेसर बदलून टाकू. तुम्ही शुक्रवारी या, साक्षीदार पाहिजे."

मी भूगोलाचा मास्तर. प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचा मुख्य हिशेबनीस, सगळं काम तोच करतो, इतपत मला माहीत होतं. तो बदलता येतो का, असं मी विचारलं तर दादा दुखावले. आयटीआयच्या ऑफिसातल्या एका जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर त्यांनी स्वतः बदलला होता. "एक स्क्रू, अर्धा फेरा, आणि प्रोसेसर सुपारीसारखा हातात!" ही गोष्ट खरी होती, कारण त्याला साक्षीदार होते. तो लॅपटॉप पुढे इतका तापायचा की शिपाई त्यावर टेबलफॅन लावून ठेवायचा, हीसुद्धा खरी होती. पण विजय तो विजय. दादांनी बाजारातून एक जुना, पण जास्त वेगाचा प्रोसेसर पैदा करून डबीत कापसावर ठेवला होता, जणू दुधाचा दात.

शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून लॅपटॉप पालथा घालण्यात आला. स्क्रू हरवू नयेत म्हणून दादांनी इडलीपात्र घेतलं होतं. मधल्या थाळीत लांब स्क्रू, वरच्या थाळीत आखूड. मी दिवा धरला. झाकण निघालं, पंखा निघाला, कीबोर्डाची चपटी वायरपट्टी जरा अडली, तर दादांनी ती 'जरा' ओढली. मग तांब्याची नळी उचलली, आणि खाली तो प्रोसेसर दिसला. नखाएवढा, आरशासारखा चकचकीत.

दादा वाकले. चष्मा कपाळावर सरकवला, मग परत खाली घेतला. "स्क्रू कुठंय?" ते म्हणाले. मी दिवा डावीकडे नेला, उजवीकडे नेला. स्क्रू नव्हता. खाच नव्हती, खटका नव्हता. प्रोसेसर बोर्डावर असा बसला होता, जसा काही तिथेच उगवला होता.

"लपवलाय," दादा म्हणाले. "कंपनीवाल्यांनी लपवलाय." त्यांनी कडेला नख लावून पाहिलं. मी त्यांचा हात धरला. आमच्या तीस वर्षांच्या नात्यात मी त्यांचा हात धरण्याची ही पहिलीच वेळ.

आतून ताईंनी विचारलं, "झालं का हो?"

"होतंय," दादा म्हणाले. पण आवाज नेहमीचा नव्हता.

तासाभराने आम्ही इडलीपात्र आणि उघडा लॅपटॉप एका पिशवीत घालून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून, म्हणजे होळकरांच्या समाध्यांवरून, मागच्या बाजारात निघालो. तिथे एका जिन्याखाली लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. दुकान चालवणारी तिशीतली बाई रोज महूहून येते. समोर सूक्ष्मदर्शक, हातात चिमटा, आणि बोलणं आपलं अस्सल इंदुरी.

"अंकलजी, हा निकळणारच नाही," तिने बघताक्षणी सांगितलं. "हा बोर्डाला टांकलेला आहे."

"माझ्या जुन्याचा निघाला होता."

"निघायचा ना. जुन्यांत खालती सॉकेट असायचं. आता लॅपटॉप पातळ पाहिजे सगळ्यांना, तर सीधा बोर्डावर सोल्डर करून देतात." तिने दादांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि दुसरा एक मेलेला बोर्ड दाखवला. प्रोसेसर काढलेल्या जागी सोल्डरचे शेकडो ठिपके होते, राईच्या दाण्यालाही मोठं म्हणावं असे. "हे सगळे एकसाथ तापवून उचलायचे, नवीन एकसाथ बसवायचा. एक जरी हलला तरी बोर्ड गेला. आणि बसला तरी काय? ह्या बोर्डाने त्याला ओळखलं पाहिजे, ह्या पंख्याने त्याला थंड ठेवलं पाहिजे. तुम्ही आणलाय तो तर दुसऱ्याच जातीचा आहे, ह्याच्यावर बसतच नाही. मशीन आहे माझ्याकडे, पण मी नाही करणार. करायला जावं असं हे कामच नाही."

दादा सूक्ष्मदर्शकापुढून बराच वेळ उठले नाहीत.

"पण हा अटकतो कुठे, ते सांगा," ती म्हणाली. मी ताईंच्या 'ळ'ची हकीकत सांगितली. ती हसली, आणि मग तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढून पंख्यातून धुळीची एक अख्खी वात काढली. "प्रोसेसर बिचारा चांगला आहे. बाकीचे त्याला काम करू देत नाहीत. ही फिरणारी जुनी हार्ड डिस्क काढून त्याजागी फास्टवाली एसएसडी टाकू, रॅमची एक जागा खाली आहे ती भरू, प्रोसेसरची गरमी खेचणारी पेस्ट सुकलीय ती नवीन लावू. भागेल एकदम, घोड्यासारखा." बोलता बोलता तिचा चिमटा थांबला. "कीबोर्डाच्या पट्टीचं लॉक तुटलंय. हे कोणी ओढलं?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागलो.

"मी," दादा म्हणाले. "बत्तीस वर्षं पोरांना सांगत आलो, अडलं तर ताकद लावायची नाही, आधी बघायचं. आणि आज मीच नाही बघितलं."

"होतं, अंकलजी. लावून देते दुसरं. पण उद्या संध्याकाळ होईल."

"रविवारी सकाळी ह्यावर कार्यक्रम आहे," मी म्हणालो.

"तर उद्या संध्याकाळी घेऊन जा ना. मी बोलले ना."

शनिवारी मी दुकानात गेलो तेव्हा दादा तिथे स्टुलावर बसलेले होते. सकाळी दुकान उघडलं तेव्हापासून बसले होते. तांदळाच्या दाण्याएवढं ते लॉक ती चिमट्याने बसवत होती, आणि दादा श्वास रोखून बघत होते. त्यांच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर खिशातच होता. "शिकलीस कुठे?" त्यांनी विचारलं. "पप्पा फौजेत वायरलेसचे सेट दुरुस्त करायचे," ती मान वर न करता म्हणाली. "घरी पण सगळं उघडून बसायचे. मम्मी ओरडायची." पट्टी बसली, खटका लागला, पडदा उजळला. दादा उठून उभे राहिले. "हात चांगला आहे," ते म्हणाले. तिला त्यात विशेष काही वाटलं नसावं. पण आयटीआयमधल्या बत्तीस वर्षांत हे वाक्य ऐकायला मिळालेली पोरं तीन आहेत, त्यांतलं एक आज मोठा कारखाना चालवतं आणि अजून ते वाक्य लोकांना सांगतं.

रविवारी ताईंनी बटण दाबलं आणि चष्मा लावेपर्यंत लॅपटॉप तयार होता. त्या दचकल्याच. "काय केलंत काय तुम्ही? प्रोसेसर बदलला?"

मी दादांकडे पाहिलं. त्यांना 'हो' म्हणता आलं असतं. ताईंना कळलं नसतं, आणि मी तर साक्षीदार म्हणूनच नेमलेला होतो.

"प्रोसेसर तोच आहे," दादा म्हणाले. "तो निघत नाही. माझ्याकडून उलट मोडतोडच झाली. बाजारातल्या एका मुलीने सगळं नीट केलं. हुशार आहे."

ताईंनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली होती, आणि बहुधा असं काही त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. मग त्या म्हणाल्या, "बसा इथे माझ्या बाजूला. नाटक बघा." नाटुकलं पाऊण तास चाललं. एक राजा संवाद विसरला, एका झाडाला मध्येच शू लागली, आणि शेवटी अकरा मुलांनी एका सुरात 'काळं मांजर टाळ वाजवी' म्हटलं. लॅपटॉप एकदाही अडकला नाही. पडद्यावरच्या एका आजोबांनी डोळे पुसले. दादा मात्र लॅपटॉपच्या बुडाला हात लावून बघत होते. "थंडगार आहे," ते मला हळूच म्हणाले.

गेल्या वर्षी ताईंच्या गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारला आणि मुलीने दोघांना बंगळूरला नेलं. चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट. सगळं नवं, सगळं वॉरंटीत. नळ गळला तर मोबाइलवर बोट लावायचं, की गणवेशातला माणूस येतो आणि दादांना "सर, प्लीज" म्हणून बाजूला करतो. इंदूरसारखी तिथेही एक लालबाग आहे, ते फिरायला जातात. "झाडं आपल्या लालबागेपेक्षा भारी आहेत, साढूभाई," ते फोनवर म्हणाले, "पण थांबवून कोणी बोलत नाही."

मागच्या आठवड्यात दुपारी त्यांचा फोन आला. हवापाणी झालं, गुडघे झाले, इंदूरचे पोहे झाले. मग दोघांकडचं बोलणं संपलं, आणि फोन ठेवायची वेळ आली, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, आमचा हॉलमधला पंखा फार आवाज करतोय."

"कसा आवाज?" दादांचा स्वर एकदम खणखणीत झाला. "खरखर की टकटक?"

"टकटक," मी अंदाजाने म्हणालो.

मग अर्धा तास त्यांनी मला पंखा समजावला. आधी मेन स्विच बंद. स्टूल भिंतीला टेकवून नाही, पंख्याच्या खाली. पाती उतरवताना कुठलं कुठे होतं त्याच्या खुणा करायच्या. वरचा पिनवाला बोल्ट बघायचा, तो ढिला असेल. मी 'हो', 'बरं', 'लिहून घेतलं' म्हणत गेलो. शेवटी ताईंनी फोन घेतला आणि दुसऱ्या खोलीत गेल्या असाव्यात, कारण मागचा टीव्ही ऐकू येईनासा झाला.

"भाऊजी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "खरंच बिघडलाय का हो पंखा?"

"नाही," मी म्हणालो.

"आज हे जेवतील नीट," त्या एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मी वर पाहिलं. पंखा जराही आवाज न करता, अगदी व्यवस्थित फिरत होता.