भगवंतरावांनी गुडघ्याला दिलेले मार्क

भगवंतरावांनी आयुष्यात कशालाच दहापैकी दहा दिले नाहीत. बंगळुराच्या पीण्या भागातल्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं माल तपासणारे इन्स्पेक्टर होते. हातात मापाचा व्हर्नियर, तोंडात "स्वल्प जाड आहे," आणि समोरचा माल परत. लेथवरचा परसू एकदा वैतागून म्हणाला, "अण्णा, लग्नाच्या वेळी वहिनींना तरी पास केलंत, की त्याही परत?"

"सात दिले होते," भगवंतराव म्हणाले. "पुढं संसार बघून साडेसात केले."

ही सगळी नोकरी त्यांनी उभ्यानं केली. निवृत्त होऊन मल्लेश्वरमच्या घरात जरा बसतात तोच उजवा गुडघा उठला. त्यातली गादी झिजून हाडावर हाड आलं होतं. गुडघा बदलायचा, तर हृदय इतकं अशक्त की भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कागद बघूनच नको म्हटलं. तेव्हा सुईनं जेवढं होईल तेवढंच करायचं ठरलं.

पहिलं इंजेक्शन जेलचं. "ग्रीस भरलं," असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. दोन महिने बरे गेले. मग त्यांचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यांनाच टोचलं. मी वरच्या मजल्यावरून विचारपूस करायला उतरलो, तर म्हणाले, "आमच्या कारखान्यात जुनं ऑइल गाळून परत घालायचे, तसलाच प्रकार."

"मग मशीन चालायचं का?"

"चालायचं की. बंद पडेपर्यंत."

एरवी ते एवढ्यावर थांबले असते. पण मार्गशीर्षात नात भूमिका हिचं लग्न होतं, आणि लग्न म्हटलं की घरचा गोंधळ आला. साडेतीनशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज घोड्यावरून बंगळुरात आले. घोडे गेले, तलवारी गेल्या, मराठीत निम्मी कन्नड मिसळली, पण एक रीत टिकली. गोंधळात घरातल्या सर्वांत मोठ्या पुरुषानं पेटती दिवटी हातात घेऊन देवीपुढं पाच पावलं नाचायचं. भगवंतराव मुलाच्या लग्नात ती नाचले होते. नातीच्या लग्नातही नाचायची होती. बाकी काही मागणं नव्हतं.

म्हणून सून भव्या त्यांना डॉक्टर हयवदनांकडं घेऊन गेली. त्यांनी सांगितलं की गुडघ्याचं दुखणं वर नेणाऱ्या बारीक नसा असतात. सुई घालून त्या तापवून बंद करता येतात. चिरफाड नाही, पूर्ण भूल नाही.

"म्हणजे गुडघा तसाच राहणार, फक्त त्याची तक्रार वर पोचणार नाही," भगवंतराव म्हणाले. "आमच्या मॅनेजमेंटची हीच पद्धत होती."

मात्र आधी चाचणी. त्या नसा औषधानं काही तास बधिर करायच्या, पेशंटनं हिंडायचं-फिरायचं आणि दुखण्याला दहापैकी मार्क द्यायचे. निम्म्यानं तरी उतरले तरच पुढचं काम.

भगवंतरावांनी कागद भरला. आधी चार, नंतर तीन. डॉक्टरांनी बघितलं आणि पुढचं काम रद्द केलं.

घरी आल्यावर भव्यानं तो कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. "मामा, जिना चढताना तुमच्या डोळ्यांत पाणी येतं. आणि चार?"

"दहा म्हणजे काय, ठाऊक आहे तुला? प्रेसमध्ये ज्योतिबाची चार बोटं गेली, ते दहा. त्या मानानं माझं चारच."

"आणि नंतरचे तीन?"

"सुई टोचलेली जागा दुखत होती. ती सोडून द्यायची?"

त्या संध्याकाळी त्या घरात इतका हशा झाला की मला वर ऐकू आलं. गुडघा नापास नव्हता, परीक्षक कडक होता! भव्यानं फोन करून सगळं सांगितलं. डॉक्टरही हसले आणि दहा दिवसांनी पुन्हा चाचणी करायला तयार झाले. ते दहा दिवस भव्यानं सासऱ्यांची शिकवणी घेतली. ज्योतिबाची बोटं विसरायची, आपल्याच गुडघ्याचं सगळ्यात वाईट दुखणं म्हणजे दहा, सुईची जागा धरायची नाही. भगवंतराव "सरी, सरी" म्हणून होकार भरत होते आणि आम्हाला चोरून घरातल्या घरात नाचातला डावा पाय आधी टाकून बघत होते.

दुसऱ्या चाचणीच्या आधी त्यांनी आठ लिहिले. सुई झाली. घरी येऊन ते कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत चालत गेले, परत आले, तीन पायऱ्या चढले, उतरले. मग खुर्चीत बसून लिहिलं: सात. तासाभरानं पुन्हा फेरी. पुन्हा सात.

"नीट विचार करा, मामा."

"केला. माप बरोबर आहे."

भव्या त्यांच्या पायाशी बसली. "मग एकदा खोटं लिहा ना. चार लिहा. कोण बघतंय?"

"पोरी, मी चार लिहिले म्हणून दुखणं चार होतं का?" पेनचं टोपण लावत ते म्हणाले. "माल आहे तेवढाच आहे."

डॉक्टर हयवदन म्हणाले, दुखणं या नसांपुरतं नाही. तापवून उपयोग होणार नाही. काठी, हलका व्यायाम, गोळ्या. परीक्षक कडक आहे असं वाटत होतं तेच दिवस बरे होते.

गोंधळ संध्याकाळी लवकर लावला होता. हॉल साडेनऊला रिकामा करायचा, म्हणून देवीलाही वेळेत बोलवावं लागलं. संबळ वाजू लागला. गुडघ्याला पट्टा बांधून, दोन गोळ्या घेऊन भगवंतराव उठले. दिवटी हातात घेतली, "उदो" म्हटलं आणि डावं पाऊल टाकलं. उजवं टाकताच गुडघा वळला. मुलगा योगीराज शेजारी होताच, त्यानं धरलं. संबळ थांबला नाही. भगवंतराव दोन क्षण त्याच्या खांद्यावर टेकून राहिले, मग त्यांनी दिवटी त्याच्या हातात दिली. "धर. तेल सांडू नकोस."

योगीराज एचएसआर लेआउटमध्ये कॉम्प्युटरपुढं बसणारा माणूस. दिवटी अंगापासून लांब धरून तो कसाबसा पाच पावलं नाचला आणि घामाघूम होऊन वडिलांच्या खुर्चीपाशी आला.

"आप्पा, किती?"

"सहा. डावा पाय आधी. आणि चौथ्यावर वळायचं."

"कसं वळायचं?"

भगवंतरावांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर दिला, अंग पुढं घेतलं. तसेच थोडा वेळ राहिले. मग पुन्हा मागं टेकले. उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी खुर्चीच्या हातावर उभी केली आणि संबळाच्या ठेक्यावर चालवली. डावं, उजवं, डावं, चौथ्याला वळण, पाचवं. योगीराजला नीट कळलं नाही असं वाटून त्यांनी ती पाच पावलं पुन्हा एकदा नाचून दाखवली.