लाल फुली

होटगीचा गुरप्पा मुलखाचा संशयी. कुणी नमस्कार केला तर आधी मागं वळून बघणार, दुसऱ्या कुणाला केलाय का म्हणून. रेल्वेत उभी हयात त्याने रुळांवरून सोनोग्राफीसारखंच एक यंत्र ढकलण्यात घालवली. लोखंडाच्या पोटातला तडा त्यावर कळायचा. सापडला की तिथं लाल रंगाची फुली मारायची. ती कुणी पुसायची नाही, रूळ उचलून नेतील तेव्हाच जायची.

निवृत्तीनंतर त्याला शौचावाटे रक्त पडू लागलं. सोलापुरात तुकडा काढून तपासला तेव्हा गुदाशयाचा लिम्फोमा, एका जातीचा कॅन्सर, निघाला. केमो सुरू झाली. ती लागू पडतेय का ते बघायला डॉक्टर चेतना मधूनमधून गुदद्वारातून बारीक प्रोब घालून सोनोग्राफी करायच्या. पहिल्याच वेळी पडद्यावर आतड्याची भिंत एका बाजूला फुगलेली दिसली, काळीभोर. गुरप्पाच्या अंगावर काटा आला. लोखंडातला तडा कमी झालेला त्याने जन्मात पाहिला नव्हता.

घरी येऊन त्याने आरशाकडे पाठ केली आणि स्वतःच्या कमरेखाली लाल रंगाने फुली मारली. आंघोळीचं पाणी घेऊन आलेली बायको, शिवबाई, किंचाळलीच.

"ह्ये काय केलं वो?"

"जागा सापडल्यावर खूण नको व्हय?"

मग दुपारी घरामागून मालगाडी गेली की थरथर जमिनीतून खाटेत चढायची आणि नेमकी त्या फुलीपाशी येऊन थांबायची. गाडी लांब गेल्यावरही तिथं थरथरत राहायचं. "आत कोन तरी चालतंय बग," तो म्हणायचा. शिवबाई तिथं तळहात ठेवायची. तिलाही ते जाणवायचं. भीतीने तिचं अन्न तुटलं.

केमो संपल्यावर चेतना मॅडमनी पुन्हा प्रोब घातला आणि हसल्या. "काका, काळं गेलं. भिंत सारखी दिसतेय."

गुरप्पाचा चेहरा पडला. रुळावर पडदा कोरा दिसला तर एक तर रूळ चांगला, नाही तर यंत्राच्या टाकीतून रुळावर सुटणारं पाणी संपून ते आंधळं झालेलं.

"म्याडम, फुग्यात पानी हाय का?"

प्रोबवर पाण्याचा एक लहान फुगा असतो. मॅडमनी न रागावता तो बाहेर काढून दाखवला, पुन्हा भरला, पुन्हा बघितलं. भिंत तशीच, स्वच्छ. तेव्हा कुठं तो रडला.

घरी शिवबाईने रॉकेलचं फडकं घेतलं. "गेलं न्हवं? वळा, पुसते."

गुरप्पाने तिचा हात धरला. "न्हाय. रूळ उचलल्याबिगर फुली जात न्हाय."

शिवबाईने फडकं खाली ठेवलं.

तेव्हापासून त्याची पाठ घासताना तिचा हात फुलीपाशी येतो आणि वळसा घालून पुढं जातो. रंग जरा विटला, की ती स्वतःच डबा आणि ब्रश घेऊन बसते.