उजवी बाजू कमी आहे

चार माणसं दर रविवारी एका खोलीत बसून संगीत करायला लागली की संगीत होतं थोडं आणि किस्से होतात ढीगभर. संगीत कुठल्यातरी हार्ड डिस्कवर पडून राहतं. किस्से मात्र मिसळीच्या टेबलावर, लग्नाच्या पंगतीत, गाडी पंक्चर झालेली असताना, कुठेही निघतात. आमच्याकडचा सगळ्यात मोठा ढीग मिक्सर घेण्याचा आहे. हे किस्से मी पुष्कळ ठिकाणी सांगितलेत आणि लोक पोट धरून हसलेत. मला स्वतःला मात्र हल्ली सांगताना मध्येच थांबावंसं वाटतं.

आधी माणसं सांगतो. शिरसाठ सर ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. पाथर्डी फाट्याजवळ त्यांचा फ्लॅट आहे, त्याच्या मागच्या खोलीत आम्ही जमतो आणि सर आपली इलेक्ट्रॉनिक यंत्रं वाजवतात. रूपाली एरवी पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते, आमच्याकडे ड्रम मशीन चालवते. मंगेश लासलगावचा, घरचा कांद्याचा व्यापार, आमच्याकडे बेस. मी नितीन, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो आणि रविवारी सिंथेसायझर वाजवतो. आम्ही तिघंही सरांचे विद्यार्थी. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला.

आमचं संगीत म्हणजे ज्यात गाणारा कोणी नसतो आणि पाहुणे अर्ध्या तासाने विचारतात, "मग सुरू कधी करणार?"

ह्या सगळ्या यंत्रांचे आवाज एका डब्यात येतात, त्याला मिक्सर म्हणायचं. कोणाचा आवाज किती आणि कोण डावीकडे, कोण उजवीकडे, ते त्या डब्यावर ठरतं. आमचा जुना डबा एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतलेला, जेवणाच्या टेबलाएवढा, आणि हात लावला की खरखरणारा. म्हणून नवा, लहान, ॲनालॉग मिक्सर घ्यायचं ठरलं. कार्यक्रमालाही चालेल आणि घरी रेकॉर्डिंगलाही.

सरांच्या अटी साध्या होत्या. स्कूटरवर पायाशी मावला पाहिजे, एका नॉबला एकच काम पाहिजे आणि स्क्रीन नको. "वाजवता वाजवता मेनू उघडणारा माणूस वाजवत नसतो," असं त्यांचं मत.

रिटायर होण्याआधी त्यांना स्वतःचं एक रेकॉर्डिंग पुरं करायचं होतं. घरी बसून, स्वतःच्या कानांनी मिक्स केलेलं. त्यासाठी ते कितीतरी वर्षं झुरत होते. म्हणायचे, "वाजवायला कोणीही मिळेल रे. कोणाला किती ठेवायचं हे मला कळतंय तोवर मी करणार. कळेनासं झालं की दुकान बंद."

*

मिक्सर शोधायचं काम मंगेशकडे होतं. तो दिवसभर कानात इयरफोन घालून परदेशी लोकांचे रिव्ह्यू ऐकायचा.

एकदा लासलगावच्या मार्केटात लिलाव चालू. ट्रॅक्टरांची रांग, व्यापारी पुढे सरकताहेत, आणि हा वडिलांच्या शेजारी उभा राहून रिव्ह्यू ऐकतोय. त्यातला माणूस काहीतरी पटण्यासारखं बोलला, तशी ह्याने जोरात मान हलवली. लिलाव पुकारणाऱ्याने कांद्याचा अख्खा ट्रॅक्टर ह्याच्या नावावर टाकला.

"मी कुठं बोललो? मी काय नाय बोललो," मंगेश म्हणाला.

"मान हलवली ना? मग झालं," पुकारणारा पुढच्या ट्रॅक्टरकडे गेला.

वडील शांतपणे म्हणाले, "एक तर मिक्सर घे, नाय तर कांदा घे. दोन्हीला मान हलवू नको."

त्यातली एक गोणी सरांच्या गॅलरीत आली. वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, उन्हाळाभर आम्हाला प्रत्येक रविवारी कांदाभजी खायला घातली. ते दिवस बरे होते.

*

पहिला मिक्सर एम. जी. रोडवरच्या एका शेठच्या दुकानातून आणला. सरांनी तो टेबलावर ठेवला, रुमालाने पुसला, हेडफोन घातला, डोळे मिटले. आम्ही तिघं निकाल लागायची वाट बघितल्यासारखे उभे.

सरांनी डोळे उघडले. "उजवी बाजू कमी आहे."

मंगेशने हेडफोन घेतला, ऐकलं. "हाय. लय नाय, पण कमी हाय."

मग मी ऐकलं. आणि काय सांगू, मलाही कमी वाटली. ज्या माणसाने आपल्याला ध्वनीचा धडा शिकवला तो कमी आहे म्हणतो, तर आपण कोण? रूपालीने ऐकलं आणि नुसते खांदे उडवले.

शेठने कुरकुर न करता दुसरा पीस दिला. सरांनी रुमालाने पुसला, हेडफोन घातला, डोळे मिटले.

"उजवी बाजू कमी आहे."

मग वायरी बदलल्या. हेडफोन नवा आणला. त्यातही उजवी बाजू कमीच. सर म्हणाले, "म्हणजे हेडफोनचा दोष नाही, हे सिद्ध झालं." आम्ही तिघांनी माना डोलावल्या. सिद्ध झालं म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

*

मग मंगेशने अर्थिंगचा मुद्दा काढला. बिल्डिंगचं अर्थिंग कोरडं पडलं असणार, म्हणून एक बाजू दबते, असं त्याचं शास्त्र. आता ह्याचा त्याच्याशी काय संबंध, हे फिजिक्सच्या सरांनी विचारायला हवं होतं. पण सर म्हणाले, "करून बघायला काय हरकत आहे?" तेव्हाच आम्हाला समजायला पाहिजे होतं की माणूस घाबरलाय.

तर भर दुपारी बिल्डिंगच्या मागे अर्थिंगच्या खड्ड्याशी मंगेश उकिडवा बसून खडेमीठ टाकतोय, मी बादलीने पाणी ओततोय आणि सर हात जोडल्यासारखे उभे. सोसायटीचे चेअरमन वरून बघत होते. ते चप्पल घालून खाली आले.

"कसली शांती चाललीय सर? हे त्र्यंबकला जाऊन करायचं असतं. इथे नाही चालत."

सर म्हणाले, "मी असलं काही मानत नाही. पण उजवी बाजू येत असेल तर तेही करतो."

चेअरमनना वाटलं, सरांना अर्धांगवायू झाला. दुसऱ्या दिवशी ते घरी नारळपाणी घेऊन आले.

*

तिसरा मिक्सर आला. आधीच्या दोघांसारख्याच ह्याच्यावरही आवाजाबरोबर वर-खाली होणाऱ्या दिव्यांच्या दोन रांगा होत्या, एक डावीची, एक उजवीची. सर हेडफोन घालून डोळे मिटून बसले. ह्या वेळी रूपाली दिव्यांकडे बघत होती. दोन्ही रांगा बरोबरीने चढत होत्या, बरोबरीने उतरत होत्या.

"उजवी बाजू कमी आहे," सर म्हणाले.

"सर, दिवे तर सारखे लागताहेत."

"दिव्यांना कान नसतात, रूपाली."

मंगेश आणि मी खो खो हसलो. सरही हसले. रूपाली हसली नाही. लॅबमध्ये दिवसभर लोकांचे रिपोर्ट बघणारी मुलगी ती. तिला आकडा आणि माणूस वेगवेगळं बोलायला लागले की कोण खरं असतं ते माहीत आहे.

त्या दिवशी मिसळ खाताना सर नेहमीसारखे भिंतीकडच्या कोपऱ्यात बसले. उजवा खांदा भिंतीला, आणि आम्ही सगळे त्यांच्या डावीकडे. खाऊन झाल्यावर सर स्कूटर काढायला गेले, तेव्हा रूपाली म्हणाली, "हे नेहमी तिथेच बसतात. ती जागा भरलेली असली की उभे राहून वाट बघतात. बघितलंय कधी?"

आम्ही बघितलं होतं. आम्हाला वाटायचं पंख्यासाठी.

"मी शेठकडे जाऊन आले," ती म्हणाली. "हा तिसरा पीस म्हणजे आपण परत केलेला पहिलाच आहे. कंपनीकडून तपासून आलाय. काहीही दोष नाही. आता मिक्सर बदलू नका."

तर्रीचा झणका डोळ्यांत गेल्यासारखा मंगेश डोळे चोळत होता. मी विचारलं, "मग सरांना कोण सांगणार?"

"मी नाय," मंगेश म्हणाला. "त्यांनी मला प्रॅक्टिकलला पास केलंय."

तिघांपैकी कोणीच सांगितलं नाही. सांगितलं तर ते दुकान बंद करतील, ह्याची आम्हाला भीती होती. आणि खरं बोलायचं तर ते बंद झालं की आमच्याही रविवारांत काही उरणार नव्हतं.

*

मग आम्ही लपवाछपवी सुरू केली. सर उजवीकडचा आवाज वाढवायचे. ते पाणी प्यायला उठले की रूपाली तो हळूच खाली आणायची. सर परत येऊन ऐकायचे, भुवया आक्रसायचे, पुन्हा वाढवायचे. असं करत करत एक मिक्स पुरा होईतो पावसाळा संपला.

त्यातच गंगापूर रोडच्या एका कॅफेत कार्यक्रम ठरला. मंगेशचा बेस आम्ही लॅपटॉपवर भरून ठेवला आणि त्याला काउंटरजवळच्या ॲम्प्लिफायरपाशी उभं केलं. काम एकच. सर मिक्सरवर जेवढी उजवी बाजू वाढवतील, तेवढी त्याने तिथे उतरवायची.

सुरुवातीला ठीक चाललं. मग सर रंगात आले. ते वाढवताहेत, हा उतरवतोय. मंगेश इतका घाबरलेला की ते एक बोट वाढवायचे तर हा वीतभर उतरवायचा. शेवटी उजवीकडच्या टेबलावरचे एक काका उठून थेट सरांसमोर आले.

"अहो, आमच्याकडचा स्पीकर बंद आहे. काही ऐकूच येत नाही."

सरांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यांनी त्या काकांचा हात धरला. "ऐकलंत? मी केव्हापासून हेच सांगतोय. उजवी बाजू कमी आहे!"

कार्यक्रम संपल्यावर ते त्या अनोळखी काकांना कॉफी पाजत बसले होते. आम्ही तिघं बाहेर सामान भरत होतो. हा किस्सा ऐकून लोक सगळ्यात जास्त हसतात. त्या संध्याकाळी मंगेश वायर गुंडाळता गुंडाळता रडला, एवढं मी सांगायचं टाळतो.

*

एकदा मी सरांकडे वायर द्यायला गेलो तर ते आंघोळीला गेले होते. वहिनींनी चहा टाकला. म्हणाल्या, "तुमचा तो मिक्सर लागला का एकदाचा? तो नीट झाला की यांची चिडचिड कमी होईल, नाही?"

मी म्हटलं, "होईल ना वहिनी."

"मी हल्ली फिरायला जाताना ह्यांच्या डाव्या बाजूने चालते. इतकी वर्षं मी उजवीकडून चालायची. परवा हे म्हणाले, बाजू का बदललीस? म्हटलं, डावीकडे सावली असते."

"मग?"

"मग काही नाही. आम्ही संध्याकाळी जातो. सावली कुठली आलीय?" आणि त्या साखर घालायला वळल्या. आतून सरांनी मोठ्याने टॉवेल मागितला. वहिनींनी त्याहून मोठ्याने उत्तर दिलं.

*

दिवाळीनंतर सर एकदम म्हणाले, "हाच मिक्सर ठेवू. ह्याच्यावरच रेकॉर्डिंग करू." आम्ही इतके खूश झालो की का, ते विचारलंच नाही.

रेकॉर्डिंगचा पहिला रविवार उजाडला. सगळं जोडलं. रूपालीचं ड्रम मशीन मधोमध, मंगेशचा बेसही मध्ये, सरांची यंत्रं डावीकडे आणि माझा सिंथेसायझर एकदम उजवीकडे. ही मांडणी सरांनीच पहिल्या वर्षी केली होती आणि ती कधी बदलली नाही.

आम्ही वाजवायला लागलो. सरांनी हेडफोन घातला, डोळे मिटले. रूपालीने बोटं नॉबजवळ तयार ठेवली. सर उठले की उतरवायचं, हे आता तिच्या हातात बसलं होतं.

पण सरांनी काही वाढवलं नाही. ते उठलेही नाहीत. नुसते ऐकत बसले. हळूहळू त्यांची मान माझ्या वाजवण्याबरोबर हलायला लागली. बेसबरोबर नाही, ड्रमबरोबर नाही. एका जागी मी चुकलो तर ते हसले. इतक्या दिवसांत मी शंभरदा चुकलो असेन, ते कधी हसले नव्हते. मी वाजवायचं थांबलो.

मंगेश पुढे वाकून सरांच्या कानांकडे बघत होता. मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "सर, हेडफोन उलटा घातलाय तुम्ही. डाव्या कानाचा उजव्याला."

"माहीत आहे मला," सर डोळे न उघडता म्हणाले. "नितीन इतके दिवस काय वाजवतोय, ते ऐकत होतो. थांबलास का रे? वाजव."