घोड्यावरून पडणाऱ्या बाईच्या गावी

आयर्लंडला जाऊन लोक समुद्राचे उंच कडे बघतात. मी तीन तास गाडीत बसून एक दफनभूमी बघून आले. कडे राहिले. हे आधीच सांगते, म्हणजे कड्यांची माहिती शोधत इथे आलेल्यांचा वेळ जायला नको.

जायचं ठरलं ते एका नटीमुळे. माझे यजमान सांगलीच्या एका थिएटरात मशीन ऑपरेटर होते. थिएटर बंद पडलं तरी जुन्या मूकपटांचं वेड सुटलं नाही. त्यांची लाडकी नटी म्हणजे डेलिया क्रॅनी. आज अमेरिकेतही हे नाव कुणाला माहीत नसेल. शिकागोत लाँड्रीत चादरी पिळणारी मुलगी, घोड्यावरून हाडं न मोडता पडता येतं एवढ्या भांडवलावर सिनेमात शिरली. मग छपरावरून पडली, धावत्या आगगाडीवरून पडली, एकदा फुग्यातून पडली. सगळं स्वतः. तिची सात मिनिटांची एक फिल्म आमच्याकडे होती. हे ती भिंतीवर लावायचे आणि बाई पडली की "वाऽ!" म्हणायचे. इतका मनापासूनचा वा माझ्या पुरणपोळीला चाळीस वर्षांत मिळाला नाही.

हे गेल्यावर त्यांच्या कपाटातलं तिचं इंग्रजी चरित्र मी वाचायला घेतलं. माझी शाळा नववीत सुटली. डिक्शनरी मांडीवर आणि दिवसाला एक पान, असं दीड वर्ष चाललं. एका उडीत तिची कंबर मोडली. कंपनीने काढून टाकलं. काही वर्षं गर्दीत उभं राहायची कामं केली आणि शेवटी आयर्लंडला, आईच्या गावी येऊन तिने कोंबड्या पाळल्या. पुस्तकाचं शेवटचं वाक्य असं होतं, की ती एकटी वारली, जवळ कुणीही नव्हतं.

दीड वर्ष खपून हे वाचायचं? ह्यांच्या वेळी हॉस्पिटलात मी दहा मिनिटं खाली गेले होते. वर आले तोवर सगळं संपलं होतं. जवळ कुणीही नव्हतं. त्या लेखकाचा मला राग आला. तो होता का तिथे बघायला? कुणीतरी असेलच तिच्यापाशी. मला तिच्या गावी जाऊन विचारायचं होतं.

माझी मुलगी मुग्धा आयर्लंडमधल्या नावन गावच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. तिच्याकडे उन्हाळ्यात दोन महिने राहायला गेले, तेव्हा हे तिला सांगितलं.

"आई, मला महिन्यात एक वीकेंड मोकळा मिळतो. तो मी थडगं बघण्यात घालवू?"

"कडे बघ, थडगं बघ, दोन्ही दगडच."

"कडे जगप्रसिद्ध आहेत!"

"मग त्यांना माझी गरज नाही."

जावई कामाचं निमित्त सांगून घरीच राहिले. आम्ही तिघी निघालो, मी, मुग्धा आणि नऊ वर्षांची नात इरा. इराला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र तिथलं इंग्रजी, तेही नावनच्या हेलात. नावनहून ट्रिम, किनेगाड, मग एम-सिक्स हा मोठा रस्ता. टोल दोन युरोच्या आसपास. अथेनरायला डावीकडे वळलं की थेट क्लेअर, डेलियाच्या गावाचा जिल्हा. डब्यात मेथीचे ठेपे न्यावेत, कारण वाटेतल्या पेट्रोल पंपांवर शाकाहारी माणसाला बटाटा किंवा उपास एवढेच पर्याय असतात. रात्री एनिसमध्ये मुक्काम केला. खोली आणि नाश्ता मिळून तिघींचे एकशे वीस युरो. साडीवर रेनकोट घालावा लागतो आणि तो दर दहा मिनिटांनी काढावा लागतो. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

रविवारी पोहोचलो तर दफनभूमीबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या. आत लोक घडीच्या खुर्च्या, फुलं आणि बादल्या घेऊन चाललेले.

"कुणी मोठं माणूस गेलं वाटतं," मी म्हटलं.

मुग्धाने एकाला विचारलं. तो वार्षिक दिवस होता. उन्हाळ्यातल्या एका रविवारी सगळं गाव आपापल्या माणसांची थडगी घासूनपुसून फुलं ठेवतं आणि पाद्री येऊन सगळ्यांसाठी एकदम प्रार्थना म्हणतो.

डेलियाचं थडगं भिंतीकडेला सापडलं. आजूबाजूची सगळी लख्ख, आणि हिच्यावर गुडघाभर गवत. आता मला सांगा, शेजारच्या सगळ्या अंगणांत सडा पडलेला आणि एकच दार पारोसं, हे आपल्याच्याने बघवतं का? मी पदर खोचला आणि गवत उपटायला बसले.

"आई, हे दुसऱ्याचं आहे! परवानगी लागत असेल!"

"गवताला?"

इराने प्यायच्या बाटलीतल्या पाण्याने दगड धुतला. नाव वर आलं. मी उठून हात पुसतेय तोच कर्णा खरखरला आणि पाद्रीबाबांचा आवाज आला. सगळे आपापल्या थडग्यापाशी जागच्या जागी उभे राहिले. मी निघायला लागले तर मुग्धाने रेनकोट ओढला.

"हलू नकोस. आता कुणीच हलत नाहीये."

तर अशा आम्ही तिघी क्रॅनी घराण्यातर्फे पाऊण तास उभ्या. पाद्रीबाबा पाणी शिंपडत आमच्यापर्यंत आले, माझ्या कुंकवाकडे बघून क्षणभर थबकले आणि मग इतरांपेक्षा चार थेंब जास्तच टाकून गेले. कुंकू मी अजून लावते. त्यावर सांगलीत बोलून झालेलं आहे, इथे बोलू नये.

प्रार्थना संपली आणि लोक आमच्याकडे यायला लागले. एकेक जण हात मिळवून पुढे जाई. एक काठी टेकत आलेले आजोबा माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तुमच्यावर ओढवलेल्या दुःखाबद्दल वाईट वाटतं."

गेल्या तीन वर्षांत असं म्हणणाऱ्यांना मी लवकर वाटेला लावत असे. त्या दिवशी मात्र हात सोडवून घेतला नाही. मी माझ्या इंग्रजीत म्हटलं, "थँक यू. तीन वर्षं झाली."

आजोबांनी दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तीनच? मला वाटलं पन्नासेक झाली असतील."

"आजी," इरा कुजबुजली, "दे थिंक वी आर फॅमिली."

"मग नाही म्हणून सांग."

"इट्स ग्रँड. देअर इज केक."

खरंच होता. शेजारच्या हॉलमध्ये चहा, स्कोन नावाचे गोडसर पाव आणि हॅमचे सँडविच. अंडं चालत असेल तर त्याचे वेगळे मागावे लागतात, मागितले की ताटभर येतात. नातं नसताना केक खाणं मात्र मला पटेना, मी बशी बाजूला ठेवली. शेजारी ब्रायडी नावाच्या ऐंशी उलटलेल्या बाई बसल्या होत्या, त्यांना मी सांगून टाकलं, आणि माझं इंग्रजी अडेल तिथे इराने ढकललं.

"मी तिची कुणी नाही."

"ते दिसतंच आहे. डेलियाचे केस तांबडे होते."

"मग सगळ्यांनी हात का मिळवले?"

"तिच्यापाशी कुणी उभं आहे हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं. उभ्या असलेल्या माणसाचा हात धरायचा. कोण, कुठली, ते चहा पिताना विचारता येतं."

मग मी विचारलं. जे विचारायला सांगलीहून आले होते ते. ती एकटी होती का शेवटी?

ब्रायडीबाई इतक्या जोरात हसल्या की चहा बशीत सांडला. "एकटी? माझी आई तीन दिवस खुर्ची लावून बसली होती तिच्यापाशी! तिसऱ्या दिवशी डेलिया म्हणाली, कोंबड्या कुणीतरी मोकळ्या सोडल्यात, बघून ये. आई बाहेर गेली. कोंबड्या खुराड्यात, कडी लावलेली. परत आली तर ही बाई गेलेली! आई मरेपर्यंत चिडून होती. म्हणायची, मला फसवलंन. पैसे घेतल्याशिवाय ही कुणाच्या देखत कधी पडली नाही, मला काय फुकट बघू देणार होती?"

आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसले. मग मला हसू थांबवता येईना आणि मुग्धाने माझ्या हातातला कप काढून घेतला. परतीच्या वाटेवर कड्यांची पाटी आली. मुग्धाने गाडी हळू केली, माझ्याकडे बघितलं, आणि सरळ घराकडे घेतली.

आयर्लंडमधलं काय लक्षात राहिलं म्हणून विचाराल तर ते लोणी, ते हिरवं गवत (त्यातलं थोडं उपटलेलं), आणि शिंपडलेलं गार पाणी. गावाचं नाव एवढ्यासाठीच दिलं नाही, की ब्रायडीबाई सोडल्या तर तिथे आम्ही अजून अमेरिकेकडचे क्रॅनी म्हणून नोंदलेले असू, आणि ते तसंच राहावं असं मला वाटतं.

सांगलीला आल्यावर वन्सं भेटायला आल्या. ह्यांची थोरली बहीण. दर भेटीत त्या एकदा तेच वाक्य म्हणतात आणि मी खाली बघते. याही वेळी म्हणाल्या, "शेवटी माझ्या भावापाशी कुणी नव्हतं गं, शालन."

"मी होते, वन्सं. त्यांनी मला खाली पाठवलं."

"पाठवलं? कशाला?"

"चहा आणायला. म्हणाले, आत्ताच्या आत्ता चहा पाहिजे."

"अगं, पण त्याला तर तोंडाने थेंबभरही काही द्यायचं नव्हतं ना?"

"नव्हतं."

"आणि ते त्याला माहीत होतं?"

"माझ्यापेक्षा जास्त."

वन्संनी चष्मा काढला. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "लहानपणापासूनच लबाड होता मेला."